रॉडनी लेक्चरची संध्याकाळ

इंग्लंडमधल्या वॉरिक युनिव्हर्सिटीचं कॅरिबियन स्टडीज सेंटर १९८४ चं, पुढे त्याला दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचे उद्योगपती येसू परसॉड यांचं नाव लागलं (परसॉड म्हणजे मूळ आपलं प्रसादच). मी तिथे चार वर्षं होतो आणि दरवर्षी वॉल्टर रॉडनी लेक्चरला (गयानाचे इतिहासकार रॉडनी यांच्या स्मरणार्थ होणारं भाषण) खुर्च्या मांडायला असायचो, म्हणून ते सेंटर माझंही आहे असं मी अजून मानतो.

स्वागत, ओळख, आभार, सगळं ठरलेलं. भाषणही मन लावून ऐकायचो, पण खरी वाट बघायचो ती प्रश्नोत्तरांची, कारण तेव्हा मागच्या रांगेतले गयानाचे म्हातारे उठायचे आणि प्रश्न न विचारता आठवणीच सांगायचे. एका वर्षी एक आजोबा उभे राहिले, टोपी दोन्ही हातांत धरलेली, इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला क्रिओलवर, म्हणजे तिकडच्या बोलीवर आले. पणजोबा कलकत्त्याहून गिरमिटावर (म्हणजे मजुरीच्या करारावर) बोटीने आलेले, वडील ऊसतोडीला, घरातून सक्त ताकीद की आफ्रिकन लोकांत मिसळायचं नाही. आणि हा रॉडनी, आफ्रिकन वंशाचा, लंडनला पीएचडी केलेला, त्यांच्या बॉटम हाउसमध्ये येऊन बाकावर बसला (तिकडे घरं खांबांवर असतात, खालच्या मोकळ्या जागेला ते बॉटम हाउस म्हणतात) आणि ऊस तोडणाऱ्यांना त्यांचाच इतिहास सांगायला लागला. १३ जून १९८० ला जॉर्जटाउनमध्ये वॉकीटॉकीत दडवलेल्या बॉम्बने रॉडनी गेले, वय फक्त ३८. आजोबा तिथवर आले आणि पुढे शब्दच फुटेना. शेजारच्या आफ्रिकन वंशाच्या बाई, ओळख ना पाळख, त्यांनी कोपराला धरून हळूच खाली बसवलं. आत्ता लिहितानाही भरून येतंय.

एक सल मात्र आहे. कॅम्पसवर आपली मुलं ढिगाने, दिवाळीला हॉल पुरायचा नाही, आणि या संध्याकाळी मी खोल्याखोल्यांतून सांगत फिरलो तरी दोघं-तिघं यायची. १८३८ ते १९१७ मध्ये एकट्या गयानात जवळजवळ २ लाख ३९ हजार माणसं गिरमिटाने गेली, ती काय परकी?

जे आले नाहीत ते खाण्यालाही मुकले. फुलौरी म्हणजे आपल्या भज्यांची बहीण, चिंचेच्या चटणीबरोबर, आणि डाळपुरी तर पुरणपोळीच, फक्त सारणात गुळाऐवजी जिरं-मिरची. पहिल्या वर्षी तो पदर सुटताना बघून मला आईचा हात आठवला.

ती डाळपुरी टॉवेलात गुंडाळून बर्मिंगहॅमहून आणणाऱ्या मावशी, आमंत्रणाची पाकिटं हाताने लिहिणाऱ्या ऑफिसातल्या बाई, उशीर झाला तरी दिवे न घालवणारे पोर्टर, माईक धरून रांगेरांगेत पळणारा ग्रीसचा मुलगा, रॉडनींची पुस्तकं टेबलावर मांडून ठेवणाऱ्या लायब्ररीतल्या ताई, खुर्च्या परत रचायला थांबलेले ते दोन फर्स्ट इयरवाले, कोणी राहिलं असेल तर खरंच माफ करा, मुद्दाम नाही. आणि हो, मावशींचे मिस्टर! सगळ्या म्हाताऱ्यांना दारात उतरवून ते लांब गाडी लावायला जायचे आणि आत येईपर्यंत फोटो होऊन गेलेला असायचा, त्यामुळे चारही वर्षांच्या फोटोत ते कुठेच नाहीत.