भाचीचे पिवळे तळवे

मंगळवार, रात्री

दुपारी भाचीला उजेडात घेऊन बसले. तळहात आणि तळपाय हळद लागल्यासारखे, नाकाचा शेंडाही पिवळट. ताईने सकाळपासून काविळीचा धसका घेतला होता. मी हलकेच खालची पापणी ओढून पाहिली, तर डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ पांढरा. शी-शू नेहमीसारखी, पोर खेळतेय. तरी डॉक्टरांकडे गेलोच. एवढ्याशा जिवाच्या पिवळेपणाचा निवाडा घरी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी आधी डोळे आणि पोट तपासलं, मग विचारलं, "खायला काय देता?" गाजर, लाल भोपळा, रताळं. तिला आवडतं म्हणून रोज, उकडून मऊ कुस्करलेलं. "कॅरोटिनेमिया," ते म्हणाले. "काही धोका नाही." तिथेच ताईला रडू फुटलं.

घरी येऊन वाचत बसले. गाजराचा रंग म्हणजे बीटा कॅरोटिन. शिजवून कुस्करलं की ते जास्त शोषलं जातं. ते चरबीत विरघळतं, रक्तात वाढलं की घामातून, त्वचेच्या तेलातून बाहेर येतं आणि कातडीच्या वरच्या थरात साठतं. तळव्यांची कातडी जाड, म्हणून रंग तिथे ठळक. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात मात्र ते साठत नाही. काविळीत रक्तात वाढणारं बिलीरुबिन हे पिवळं द्रव्य तिथे हमखास दिसतं. मला सगळ्यात भावलं ते हे, की शरीर यातून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. म्हणून कितीही गाजरं खाल्ली तरी त्या जीवनसत्त्वाची बाधा होत नाही. हेस आणि मायर्स या संशोधकांनी १९१९ मध्येच गाजरं खाणाऱ्या बाळांत हा पिवळेपणा नोंदवला होता. शंभर वर्षांहून जुनी ही माहिती, पण बाळाला वरचं सुरू करताना ताईला कुणीच सांगितली नव्हती. याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन वाक्यांचं तर काम होतं!

मोठ्या माणसांत अशा भाज्या फारशा न खाताही असा रंग दिसला, तर थायरॉईड किंवा मधुमेह तपासून घ्यावा लागतो.

गाजर बंद करायचं नाही, फक्त रोज नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. रंग उतरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. उद्या तिला वरणभात आणि केळं द्यायचं ठरलंय.