रुमालाखालून काट्यावर

आमच्या फार्मला अजून पाटी नाही. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर गिऱ्हाईक येतं ते "कांदाचाळीत बोकडं पाळतात ते कुठं?" असं विचारत, आणि बरोबर पोचतं.

सुरुवात कांद्यानंच करून दिली. २०१८ च्या डिसेंबरात उन्हाळ कांद्यातून गाडीभाडंही सुटेना. उरलेला उकिरड्यावर ओतला आणि चाळ रिकामी पडली. मेहुण्यानं मोबाइलवर परदेशातले, मांसासाठी वळू पोसणारे मोठमोठे गोठे दाखवले. पण महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि कायदा नसता तरी अण्णांपुढं तो विषय काढायची माझी छाती नव्हती. शेळ्यांना त्यांची ना नव्हती. एवढंच म्हणाले, "चाळ मोडायची नाही. कांदा परत येईल."

मोडावी लागलीच नाही. जमिनीपासून उचललेली, चहूबाजूंनी हवेशीर, लेंड्या आपोआप खाली. करडांचे पाय फटींत अडकायला लागले तेव्हा निम्म्या भागात फळ्या जवळजवळ ठोकल्या. खालचं लेंडीखत द्राक्षबागवाले आजही आगाऊ सांगून नेतात.

चूक पहिल्याच महिन्यात केली. वीस संगमनेरी शेळ्या वाड्यावस्त्यांवर फिरून, पारखून घेतल्या होत्या. मग स्वस्तात मिळाल्या म्हणून बाजारातून पाच आणल्या आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या. चौथ्या दिवशी त्यातल्या एकीच्या नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांतला प्लेगसारखा साथीचा रोग. महिनाभरात नऊ शेळ्या गेल्या, त्यातल्या चार गाभण. तीन वर्षं पुरणारी लस असते. आम्ही टोचलीच नव्हती. आता नवं जनावर एकवीस दिवस मोटारीच्या खोलीमागं एकटं राहतं, मग ते कितीही ओरडो.

पहिली सात बोकडं विकली ती रुमालाखाली. व्यापाऱ्यानं अण्णांचा हात रुमालाखाली घेतला, बोटं दाबली, अण्णांनी मान हलवली, झाला सौदा. मला आकडासुद्धा नंतर कळला. पुढच्या खेपेला कांद्याच्या गोण्या तोलायचा काटा आढ्याला टांगला. व्यापारी ज्याला "वीस किलो, फार तर" म्हणत होता, ते बोकड सव्वीस भरलं. "वजन केलं की नजर लागते," हे अण्णांचं पालुपद तिथून बंद झालं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी करडं तोलतो, वहीत लिहितो. दिसायला सर्वांत देखणी शेळी सर्वांत मरतुकडी करडं देते, हे वहीनंच दाखवलं. आईला न विचारता ती विकली; दोन दिवस माझ्या ताटात भाकरी जरा जोरातच पडत होती.

बकरी ईदचं गणित मात्र वेगळं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. शेळीचे गाभणपणाचे पाच महिने, पुढं बोकड दोन दाती व्हायला, म्हणजे त्याला पुढचे दोन पक्के दात यायला, वर्षभर किंवा वरच. म्हणजे दीड वर्ष आधी शेळी फळवावी लागते. शिवाय जनावर निर्दोष हवं. गेल्या ईदेला बावन्न किलोचा आमचा बोकड मालेगावच्या गिऱ्हाईकानं बघताक्षणी पसंत केला. दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, आणि डावा कान उचलून बघितला तर अर्धा फाटलेला. कुंपणाची तार. तो हळहळला, पण घेतला नाही. शेवटी खाटकाला साध्या वजनाच्या भावानं दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर अण्णा पक्कड घेऊन कुंपणाभोवती फिरत होते, तारेचं एकेक टोक आत वळवत.