तुम्ही विचारलंत म्हणून: पायातल्या शिरेचं औषध अजून का नाही

प्रश्न बहुतेक एकाच साच्यातला असतो. "हृदयाच्या बायपासला पायातली जी शीर लावतात, तिच्याच पेशी तुम्ही बाटलीत वाढवता ना? मग आमच्या काकांची शीर आठ वर्षांत पुन्हा बंद कशी पडली? इतकं संशोधन चालतं, त्यातून एक गोळी निघत नाही?" त्याला जोडून डाळिंबाच्या रसाने शीर उघडी राहते का, हा प्रश्न येतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या सोलापुरात तो येणारच. लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर दोन वाक्यांत उरकावं लागतं, आणि ते दोन वाक्यांत नीट सांगताच येत नाही. म्हणून एकदा सविस्तर. बायपास म्हणजे काय ते सांगत बसत नाही. घरात एक झाली असेल तर ते तुम्हाला माहीत आहे, बिलासकट.

आधी काकांबद्दल. पायातून काढलेल्या शिरांपैकी साधारण दहा ते वीस टक्के पहिल्या वर्षातच बंद होतात आणि दहा वर्षांनी जेमतेम निम्म्या धड चालू असतात. छातीच्या आतली डावी धमनी, जिला सर्जन 'लिमा' म्हणतात, दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत उघडी सापडते. तेव्हा काकांचं ऑपरेशन बिघडलं होतं असं यावरून म्हणता येत नाही. सगळीकडे लिमाच का लावत नाहीत? कारण ती एक. उजवीकडची धरली तर दोन. तीन-चार ठिकाणी जोड द्यायचा तर लांब, हाताशी असलेली आणि काढली तरी पायाचं फारसं न अडणारी शीर लागतेच. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला सर्जन रेने फावालोरोंनी ती वापरायला सुरुवात केली आणि आजही तिच्यावाचून भागत नाही.

आडवं पडल्यावर या शिरेत दाब असतो पाच-दहा मिलिमीटर पाऱ्याचा. (उभं राहिलं की घोट्यापाशी तो नव्वदच्या आसपास जातो, हे डॉक्टर वाचक लगेच दाखवतील. बरोबर आहे, पण तो दाब संथ असतो, ठोके मारत नाही.) हृदयावर शिवली की तिला १२०/८०चा दाब दिवसाला लाखभर वेळा सोसावा लागतो. ठिबकची नळी थेट मोटारीच्या मेन लाइनला जोडावी, तसा हा प्रकार. फरक इतकाच की शीर जिवंत आहे आणि तिला जाड होता येतं. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला जाडीने भागून येतो. जाडी वाढली की ताण उतरतो. हे जाड होण्याचं काम करतात भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूंच्या पेशी, म्हणजे स्मूथ मसल पेशी. एरवी त्या आकुंचन-प्रसरण करत शांत बसलेल्या असतात. भिंत दुखावली की कामाचा प्रकारच बदलतात: आकुंचनाची प्रथिनं कमी करतात, विभागायला लागतात, आतल्या थरात सरकतात आणि भोवती तंतुमय माल ओततात. पहिल्या महिन्यातलं बंद पडणं बहुधा गुठळीमुळे असतं. महिना ते वर्ष या काळात ही पेशीवाढ चालते. पुढे त्या जाड झालेल्या थरात चरबी मुरते, आणि आठव्या वर्षी अँजिओग्राफीत दिसतं ते हे.

आता गोळी. ज्यांना वाटतं की कुणी प्रयत्नच केला नाही, त्यांच्यासाठी हा भाग जरा लांबवते.

पेशी विभागायची तर तिच्यात ई-टू-एफ नावाचं एक प्रथिन काही जनुकांवर जाऊन बसावं लागतं. कल्पना अशी निघाली: ते प्रथिन जिथे बसतं, त्या जागेसारखाच डीएनएचा एक आखूड तुकडा बनवायचा आणि पेशीत सोडायचा. प्रथिन त्या नकली तुकड्याला चिकटेल आणि खरी जनुकं बंदच राहतील. औषधाचं नाव एडिफोलिगाइड. सगळ्यात देखणा भाग म्हणजे ते रुग्णाला द्यावंच लागत नव्हतं. पायातून काढलेली शीर शिवण्याआधी टेबलावर असतेच. ती औषधाच्या द्रवासह एका डबीत ठेवायची आणि दहा मिनिटं दाब द्यायचा, आतून-बाहेरून सारखा, म्हणजे शीर फुगत नाही पण तुकडे पेशीत शिरतात. बाकी शरीराला औषधाचा स्पर्श नाही. जिथे दुखणं होणार तिथेच, आणि होण्याआधीच औषध. सशांमध्ये पेशीचक्र अडवण्याचा हा मार्ग उत्तम चालला होता. माणसांतल्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्याही आशादायक होत्या.

मग मोठी चाचणी झाली, प्रिव्हेंट-फोर. अमेरिकेतल्या १०७ केंद्रांत ३०१४ रुग्ण घेतले. अर्ध्यांच्या शिरा औषधात भिजवल्या, अर्ध्यांच्या नुसत्या द्रवात. कुणाची कशात, हे ना रुग्णाला माहीत ना सर्जनला. बारा ते अठरा महिन्यांनी अँजिओग्राफी केली आणि ७५ टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद झालेली निदान एक शीर किती जणांत सापडते ते मोजलं (तोवर दगावलेलेही त्यातच धरले). २००५ मध्ये निकाल छापून आला: औषधवाल्यांत ४५.२ टक्के, बिनऔषधवाल्यांत ४६.३. म्हणजे फरक नाहीच. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या बायपाससाठी १४०४ रुग्णांत तेच औषध तपासलं होतं, तिथेही हाच निकाल.

या निकालाचं दुखणं दुहेरी आहे. एक, औषध चाललं नाही. दोन, नीट निवडलेल्या रुग्णांत, चांगल्या केंद्रांतसुद्धा दीड वर्षाच्या आत जवळजवळ निम्म्या लोकांची किमान एक शीर गेलेली होती. एका रुग्णाला दोन-तीन शिरा असतात आणि त्यातली एक गेली तरी तो 'फेल' धरला जातो, हे लक्षात घेऊनही आकडा मोठाच आहे.

का फसलं? याची चार उत्तरं चार ठिकाणी मिळतात. ससे तरुण आणि निरोगी होते. साठीतल्या मधुमेही माणसाची शीर काढण्याआधीच थोडी जाड झालेली असते. नकली तुकडे काही दिवसांत संपतात, पेशींना मिळणारा वाढीचा इशारा मात्र महिनोन्महिने चालू राहतो. पहिल्या वर्षातलं बरंच अपयश गुठळीचं किंवा पुढची धमनीच बारीक असण्याचं, त्याचा पेशीवाढीशी संबंध नाही. आणि नव्या थरातल्या सगळ्या पेशी मूळच्या स्मूथ मसल नसतात. उंदरांत असं दिसलंय की आतल्या अस्तराच्या पेशीही रूप पालटून त्यात सामील होतात. प्रत्येक उत्तर पटण्यासारखं आहे. कुठलंच एकटं पुरत नाही.

बाटलीतल्या पेशींवर बोट ठेवलं जातं ते इथेच, आणि ते रास्त आहे. काम कसं चालतं ते पाहा. एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची संमती असेल तर ऑपरेशनमध्ये उरलेला शिरेचा तुकडा थंड द्रवात येतो. बाहेरची चरबी आणि वरचं वेष्टन चिमट्याने सोलायचं, शीर उभी चिरून आतलं अस्तर ब्लेडच्या पाठीने खरवडायचं आणि मधला थर एक-एक मिलिमीटरच्या तुकड्यांत कापायचा. फ्लास्कमध्ये द्रव फक्त तुकडे ओले राहतील इतकाच. जास्त झाला तर ते तरंगतात आणि पेशी तळाला चिकटत नाहीत. ३७ अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि पहिले चार-पाच दिवस फ्लास्कला हात लावायचा नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत कडेने लांबट पेशी बाहेर पडतात. त्या खरंच स्मूथ मसल आहेत की वेष्टनातून आलेल्या, तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट, हे अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनांना रंग देऊन तपासावं लागतं. तिसऱ्या ते पाचव्या पिढीपर्यंतच वापराव्यात. पुढे त्या आपली ओळख विसरत जातात.

आता खोच. या पेशींना खायला दहा-पंधरा टक्के सीरम घालतात, आणि सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेलं पाणी. गोठताना प्लेटलेट्स फुटतात आणि त्यांच्यातला वाढ घडवणारा घटक त्यात उतरतो. रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी हे १९७४ मध्ये दाखवलं. म्हणजे बाटलीतली पेशी पहिल्या मिनिटापासून जखमेत राहते. अशा पेशीची वाढ थांबवणं सोपं आहे. रक्त गोठू न देणारं हेपरिन थांबवतं, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन थांबवतं, डाळिंबाच्या सालीचा अर्क पुरेसा ओतला तर बहुधा तोही थांबवेल. त्यावरून रस पिऊन काय होईल ते कळत नाही. इंग्लंडमधल्या लीड्सच्या गटाला तर मधुमेही रुग्णांच्या शिरेतल्या पेशी बाटलीत उलट मंद वाढताना दिसल्या. त्याच रुग्णांच्या शिरा दवाखान्यात जास्त त्रास देतात.

मग बाटली फेकून द्यावी? पूर्वी मी ठासून सांगत असे की पेशीची वाढ थांबवा, शीर वाचेल. आता तसं म्हणवत नाही, कारण थोडी जाडी नसेल तर त्या दाबाखाली शीर ताणतच राहील, आणि पुढे चरबीच्या गाठीवरचं टोपण घट्ट धरून ठेवतात त्याही याच पेशी. पण वाढ कशी सुरू होते ते बाटलीशिवाय कळलंच नसतं, हेही खरं. दोन्हींत मेळ बसलेला नाही.

सध्या जास्त लक्ष आहे ते पाय आणि हृदय यांच्यामधल्या अर्ध्या-पाऊण तासावर. गळती आहे का ते पाहायला सिरिंजने हातानेच शीर फुगवतात, तेव्हा आतला दाब सहज तीनशेच्या वर जातो. आतलं अस्तर फाटतं आणि पेशींना पहिला इशारा तिथेच मिळतो. नुसत्या सलाइनपेक्षा आम्लता सांभाळणाऱ्या बफर द्रवात ठेवलेल्या शिरा बऱ्या टिकल्या, हे प्रिव्हेंट-फोरच्याच नोंदींतून पुढे निघालं. स्वीडनच्या डोमिंगोस सूझांनी शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायची पद्धत रूढ केली; त्यांच्या गटाच्या चाचणीत सोळा वर्षांनी अशा ८३ टक्के शिरा उघड्या होत्या, नेहमीच्या पद्धतीच्या ६४ टक्के. याच पद्धतीच्या चीनमधल्या २६५५ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने बंद शिरा ३.७ टक्के, नेहमीच्या पद्धतीच्या ६.५. हे वाचून उड्या माराव्यात तोवर २०२४ मध्ये स्वीडन-डेन्मार्कच्या अशाच चाचणीत ठोस फरक दिसला नाही, पायाच्या जखमा मात्र वाढल्या.

डाळिंब खा, चांगलं फळ आहे. शुगर असेल तर रस नको. शिरेसाठी ज्यांचा पुरावा आहे त्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: ऑपरेशननंतर लगेच सुरू केलेली आणि न सोडलेली अ‍ॅस्पिरिन, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलं खाली ठेवणारं स्टॅटिन (बायपास झालेल्यांवरच्या १९९७च्या पोस्ट-सीएबीजी चाचणीत जोरदार उपचाराने शिरांमधला रोग मंदावला होता), आणि बिडी-सिगारेट बंद, पूर्ण बंद. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवली" असं घरचे सांगतात तेव्हा वाद घालायचं त्राण उरत नाही. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

आणि बायपास अजून व्हायची असेल तर मला विचारण्यापेक्षा सर्जनना दोन गोष्टी विचारा: शीर काढल्यावर कशात ठेवता, आणि फुगवताना दाबावर काही मर्यादा ठेवता का.