हॅमॉकमध्ये थंडी पाठीखालून येते

डिसेंबर-जानेवारीत तापोळा, बामणोली, पाचगणीकडे हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) घेऊन जाणारे बहुतेक जण जाडजूड स्लीपिंग बॅग सोबत नेतात आणि तरीही पहाटे तीनला कुडकुडत उठून बसतात. छाती गरम, पाय गरम, पण पाठ, कंबर आणि खांदे गारठलेले. मग पुढच्या हिवाळ्यात आणखी महागडी बॅग येते आणि पुन्हा तेच होतं. कारण पांघरुणावर कितीही खर्च केला तरी अंथरूण नसेल तर हॅमॉकमध्ये झोप लागत नाही.

स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्यातल्या पिसांत किंवा तंतूंत अडकलेली हवा तुमच्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. अंगाखाली बॅग चेपली की ती हवा निघून जाते आणि उरतं दोन पदरी कापड. जमिनीवर निदान वारा खालून येत नाही. हॅमॉकखालून तो रात्रभर वाहतो आणि पातळ नायलॉनला टेकलेल्या पाठीची उष्णता घेऊन जातो. साधा हिशेब असा धरा: हवा २० अंशांच्या खाली गेली की पाठीखाली काहीतरी हवंच. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या जवळपास सगळ्या रात्री यात बसतात.

यावरचा खरा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगलेली रजई. तिच्यावर तुमचं वजन पडत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. साताऱ्याच्या डोंगरांतल्या रात्रींसाठी ४ ते ५ सेंटीमीटर फुगवटा पुरतो. तयार मिळते, पण महाग पडते. रजया शिवणाऱ्याकडून करून घेता येते. टफेटा नायलॉनचे दोन पदर आणि मध्ये २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम) पॉलिएस्टर फायबर शीटचे दोन थर घ्यायचे, माप २०० बाय १२० सेंटीमीटर. दोन्ही लांब कडांना अडीच सेंटीमीटरची नेफ्यासारखी पट्टी ठेवून तिच्यातून ४ मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी ओवायची. आखूड कडांनाही तशीच पट्टी करायची, पण तिथे नाडी आणि ओढून बसवायचं बटण. शिवणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा: नेहमीच्या रजईसारखी आरपार शिवण घालायची नाही. जिथे जिथे आरपार शिवण पडते तिथे फायबर दबतं आणि त्या रेषेतून गारवा आत येतो. कडा शिवून घ्याव्यात आणि मध्ये ३० सेंटीमीटरवर एकेक सैल टाका घालावा, म्हणजे थर सरकत नाहीत. वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. पाठीवर न्यायला ते जास्तच आहे, पण गाडीतून मुक्कामी जाणाऱ्याला चालण्यासारखं.

अंडरक्विल्ट लावली म्हणजे काम झालं असं नाही. ती कशी बसली यावर सगळी रात्र ठरते. सैल लटकली तर कापड आणि रजई यांच्यात पोकळी राहते आणि तिच्यातून वारा खेळतो. तशी रजई असून नसल्यासारखी. फार ताणली तर फायबर चेपतं आणि पाठीखाली गार ठिपके जाणवू लागतात. तपासायची पद्धत सोपी आहे. हॅमॉकमध्ये झोपेच्या स्थितीत आडवं व्हायचं आणि सोबतच्याला कापड व रजई यांच्यामध्ये तळवा सरकवायला सांगायचं. दोन्ही बाजू हाताला हलक्या लागल्या पाहिजेत, पण हात अडकता कामा नये. सगळ्यात जास्त पोकळी कंबरेखाली सापडते. तिथे ती असेल तर इलॅस्टिकची दोन्ही टोकं दोन-तीन बोटं आखडून घ्या. मग डोक्याकडची आणि पायाकडची नाडी ओढा. रजईची कड कापडाला नुसती टेकली पाहिजे. नाडी गच्च आवळली की रजई मधोमध खाली झुकते आणि पोकळी परत येते. रात्री कूस बदलताना रजई एका बाजूला सरकते. उजवा खांदा अचानक गार पडला तर दुसरं कारण शोधत बसू नका, आधी हात बाहेर काढून रजई ओढून घ्या.

अंडरक्विल्ट नसेल तर फोमची चटई. योगासाठी मिळणारी १० मिलिमीटर जाडीची बंद पेशींची (म्हणजे आतले हवेचे बुडबुडे एकमेकांना न जोडलेली) ईव्हीए फोमची चटई चालते, कारण ती वजनाखाली फारशी दबत नाही. तिच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे रुंदी. जमिनीवर ५०-६० सेंटीमीटर पुरतात, पण हॅमॉकचं कापड दोन्ही बाजूंनी अंगाला लपेटतं आणि खांदे, दंड चटईच्या बाहेर जातात. म्हणून जुन्या चटईचा ६० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा खांद्याखाली आडवा टाकायचा. दुसरी अडचण ओलीची. फोममधून घाम आरपार जात नाही, पाठ चिकट होते आणि पहाटे तीच ओल गार पडते.

इथे आपली घोंगडी कामाला येते. माण, जत, आटपाडीकडच्या मेंढीच्या लोकरीची खरी घोंगडी फोमच्या वर, अंगाखाली घाला. लोकर कुरळी असते, दाबली तरी थोडी हवा धरून ठेवते. घाम शोषून घेते आणि दमट झाली तरी पूर्ण गार पडत नाही. सुती वाकळ घरात कितीही उबदार वाटली तरी इथे नको. ती दव पिते आणि सकाळपर्यंत वाळत नाही. घोंगडी बाहेरून अंडरक्विल्टसारखी टांगायच्या भानगडीतही पडू नका. ती वजनाने झुकते आणि तिच्यातून वारा आरपार जातो.

चमकदार इमर्जन्सी ब्लँकेट पाठीखाली घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते तो टाळावा. त्यातून वाफ बाहेर पडत नाही. अंगाला टेकलेलं असताना ते ब्लँकेट उष्णता परावर्तितही करत नाही, कारण त्यासाठी मध्ये हवेची जागा लागते. उरतो फक्त ओलावा.

आता जागा. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उतारावरून खोलगट भागात जाऊन साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात त्या वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या परिसरातून, बाजारपेठेतून नव्हे. तेव्हा तलावाकाठची, ओढ्यालगतची, खळग्यातली जागा दिसायला सुंदर असली तरी रात्री सर्वांत गार तीच. पठाराची उघडी कडा वाऱ्यासाठी वाईट. उतारावर मधल्या टप्प्यात, झाडीच्या आडोशाला जागा शोधा. पाणी पन्नास-शंभर पावलं लांब असलं तरी हरकत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मनाने मुक्काम टाकायचा नाही. जंगलाबाहेर मालकाला विचारून त्याच्या रानात किंवा कॅम्पवर राहा. पाचगणीकडे सिल्व्हर ओक सगळीकडे दिसतात, खोड सरळ आणि भक्कम असतं, पण त्याच्या फांद्या ठिसूळ. बांधण्याआधी वर मान करून वाळकी फांदी नाही ना हे बघाच.

टांगण्याचा कोन, म्हणजे पट्ट्याचा आडव्या रेषेशी होणारा कोन, ३० अंश ठेवा. त्या कोनात ७५ किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७५ किलोच ताण येतो. १० अंशांवर तोच ताण २१५ किलोच्या पुढे जातो. ताणलेल्या हॅमॉकच्या कडा खांदे आवळतात, तिरकं झोपता येत नाही आणि अंडरक्विल्टही नीट बसत नाही. दोन टोकांमध्ये न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवली तर प्रत्येक वेळी कोन मोजावा लागत नाही. तिची लांबी हॅमॉकच्या ८३ टक्के, म्हणजे ३.३ मीटरच्या हॅमॉकला सुमारे २.७५ मीटर. झाडाचे पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉनचे दवाने ओले होऊन सैलावतात आणि पहाटे रजई गवताला लागते.

आभाळ स्वच्छ असलं तरी वर ताडपत्री लावायचीच. उघड्या आकाशाखाली पांघरुणाची उष्णता सरळ वर निघून जाते आणि दव थेट अंगावर पडतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो, त्यात रात्री डोंगरउताराची झुळूक मिसळते. ताडपत्रीची लांब बाजू वाऱ्याला आडवी घ्या आणि ती कड जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली ओढा. या एका गोष्टीने अंडरक्विल्टचं निम्मं काम हलकं होतं. मात्र ताडपत्रीखाली शेगडी किंवा निखारे कधीही ठेवू नका. कोळशाचा विषारी वायू झोपेत कळत नाही, आणि नायलॉनला ठिणगी पुरते.

स्लीपिंग बॅगची चेन उघडून ती वरून पांघरा, फक्त पायाकडचा भाग बंद ठेवा. पाठीखालची बाजू तशीही निकामीच असते. तोंड बॅगच्या आत घेऊन श्वास सोडू नका, आतून ओलसर होते. त्यापेक्षा कानटोपी घाला. दिवसभराचे घामेजलेले कपडे बदलून कोरडे घाला, मोजे सैल हवेत. जेवणात तूप, शेंगदाणे, गूळ असू द्या. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि वर तुपाची धार एवढं पुरे. गारठलेल्या अंगाने आत शिरू नका, कारण पांघरूण फक्त असलेली उष्णता राखतं. वीस-पंचवीस बैठका मारून, घाम येण्याआधी थांबून मग आडवं व्हा. दारूने गरम वाटतं ते कातडीकडे रक्त धावल्यामुळे, प्रत्यक्षात अंगाची उष्णता बाहेर पडते.

एक लिटरची एकपदरी स्टीलची बाटली कढत पाण्याने भरून मांड्यांच्या मध्ये ठेवली तर दोन-तीन तास छान जातात. झाकण लावून ती आधी उलटी धरून पाहा, मग लोकरीच्या मोज्यात घाला. थर्मास चालत नाही, तो उष्णता बाहेर सोडतच नाही. पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली कढत पाण्याने वाकडी होऊन गळते.

सकाळी ऊन आल्यावर रजई आणि बॅग उलट्या करून तासभर झुडपावर टाका. दमट रजई पिशवीत कोंबली तर दुसऱ्या रात्री ती फुगत नाही. घरी आल्यावरही ती घडी घालून दाबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा.