तुम्ही विचारलंत म्हणून: तेच आकाश तीनदा कशाला मोजायचं?

व्याख्यान संपलं की कोणीतरी विचारतंच. कोबी यानाने 1992 साली वैश्विक पार्श्वप्रारणातले, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून आकाशभर उरलेल्या मंद प्रारणातले, चढउतार दाखवले (हो, कोबी, भाजीवरचा विनोदही दर वेळी होतो), मग आणखी दोन यानं, डब्ल्यूमॅप कशाला आणि वर प्लांक कशाला?

माझं ठरलेलं उत्तर असायचं, नकाशा बारीक होत गेला. कोबीला सात अंशांहून लहान काही दिसत नव्हतं. प्लांकला अंशाचा बारावा भागही दिसायचा. खोटं नाही ते. पण खरं कारण सांगायचं तर माझी फजिती सांगावी लागते.

एप्रिल 2014. तालुक्याच्या गावातलं वाचनालय. 17 मार्चला बायसेप-2 च्या गटाने जाहीर केलं होतं की दक्षिण ध्रुवावरच्या त्यांच्या दुर्बिणीला याच पार्श्वप्रारणात विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींची (अवकाशच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची) खूण मिळाली. मी स्लाइडवर लाल अक्षरांत 'सापडल्या!' लिहून नेलं होतं. तिसऱ्या रांगेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर उठले. "सर, एकाच रंगाच्या काचेतून बघितलंय ना? मग मधली आपल्या आकाशगंगेची धूळ वेगळी काढली कशी?"

मी म्हणालो, "मास्तर, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांना हे सुचलं नसेल?" सगळे हसले. मास्तर बसले. चहाला थांबले नाहीत.

आता, सुचलं होतंच हो त्यांना! धुळीचा अंदाज धरला होता, तो कमी पडला. म्हणजे मी चुकीचं बोललो नव्हतो. असं स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण मास्तरांनी विचारलं होतं 'कशी', आणि ते मला ठाऊक नव्हतं.

बायसेप-2 चं मोजमाप एकाच वारंवारतेवर, म्हणजे मास्तरांच्या 'एकाच रंगात', 150 गिगाहर्ट्झवर होतं. धूळ वरच्या वारंवारतांना जास्त उजळते, आणि तिथे हवेतली वाफ आड येते. म्हणून हवेच्या वर, अंतराळात जायचं. प्लांक वारंवारतांच्या नऊ पट्ट्यांत मोजायचा. सप्टेंबरमध्ये त्याच्या 353 गिगाहर्ट्झच्या नकाशाने बायसेप-2 ने पाहिलेल्या आकाशाच्या तुकड्यातली धूळ दाखवली. 2015 च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी एकत्र हिशेब केला, तेव्हा तो दावा टिकला नाही.

त्या वर्षी वाचनालयाचं पुन्हा बोलावणं आलं. परीक्षांचं कारण सांगून टाळलं. परीक्षा नव्हत्या.

पहिल्या क्षणातल्या त्या लहरी अजून सापडलेल्या नाहीत, तेव्हा चौथं यान हवंच असं मी म्हणतो. त्यावर कोणी "कशाला?" म्हटलं की अजूनही चिडतो.