डोळे मिटून कॅम सापडला पाहिजे: ट्रॅड क्लाइंबिंगसाठी हार्नेस निवडतानाचा माझा अनुभव

तिसऱ्या पिचवर, म्हणजे दोराच्या एका लांबीत चढायच्या तिसऱ्या टप्प्यावर, उजवा हात भेगेत रोवून मी उभी होते आणि डाव्या हाताने कमरेमागे चाचपडत होते. मला पिवळा कॅम हवा होता. कॅम म्हणजे भेगेत फाकून अडकणारं उपकरण. तो हार्नेसच्या, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या, डावीकडच्या पुढच्या गिअर लूपवर (सामान अडकवायच्या कडीवर) लावलाय हे पक्कं आठवत होतं, पण हाताला लागत होती स्लिंग, म्हणजे कापडी पट्टीचा फास. मग नट्सचा, म्हणजे भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरांचा, जुडगा. मग पुन्हा स्लिंग. पडले तर मला धरणारं शेवटचं प्रोटेक्शन पायाखाली तीनेक मीटरवर राहिलं होतं आणि उजवा हात भरत चालला होता. शेवटी हात बदलला, मान वळवून कमरेकडे पाहिलं, कॅम काढला, भेगेत बसवला आणि दोर क्लिप केला. पडले नाही. पण दोन सेकंदांच्या कामाला मिनिटभर लागलं, आणि त्या मिनिटात जी ताकद गेली ती पुढच्या दहा मीटरला पुरली असती.

वर बिले स्टेशनला, म्हणजे जिथे अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) बांधून घेऊन जोडीदाराचा दोर सांभाळतात तिथे, आम्ही दोघं एकत्र आलो तेव्हा दादाने माझ्या कमरेकडे नीट पाहिलं. दादा म्हणजे आमच्या गटातला सगळ्यात जुना क्लाइंबर. माझी पहिली लीड, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणं, त्याच्याच बिलेवर झाली. म्हणाला, "अगं, तुझे डावीकडचे लूप मागे गेलेत बघ. उजवीकडचे जागेवर आहेत."

खरंच तसं होतं. माझ्या हार्नेसला कमरेचं बकल एकच, तेही डावीकडे. थंडीमुळे आत जाड कपडे घातले होते, म्हणून बेल्ट जवळजवळ शेवटपर्यंत सैल केला होता. एका बकलच्या हार्नेसमध्ये जी काही ढील द्यायची ती सगळी एकाच बाजूला जाते. बेल्टची उजवी बाजू पुढच्या टाय-इन पॉइंटला, म्हणजे दोर बांधायच्या जागेला, शिवलेली असते, ती हलत नाही. डावी बाजू पुढून लांब होते आणि तिकडचं पॅडिंग, त्यावर शिवलेल्या गिअर लूपसकट, पाठीकडे सरकतं. हार्नेस मला एक माप लहान होता आणि वर्षभर ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण तोवर मी बहुतेक बोल्ट मारलेल्या मार्गांवर चढत होते. तिथे कमरेला दहा-बारा क्विकड्रॉ (बोल्टला दोर जोडायच्या पट्ट्या) असतात, सगळे सारखे. कुठलाही हाताला लागला तरी चालतो.

ट्रॅडमध्ये तसं नसतं. कातळात आधीपासून काही ठोकलेलं नाही. वाटेत जी भेग, जी खाच मिळेल तिच्यात स्वतः नट किंवा कॅम बसवायचा आणि मागून येणाऱ्याने तो काढून आणायचा. त्यामुळे कॅम, नट्स, हेक्स (मोठे षटकोनी नट), स्लिंग्ज, अँकरचं सामान, नट काढायचं हत्यार असं सगळं अंगावर घेऊन चढावं लागतं. या सगळ्या सामानाला रॅक म्हणतात; माझा रॅक साधारण पाच किलोंचा होतो. त्यातला प्रत्येक नग वेगळ्या मापाचा, आणि ज्या क्षणी जो हवा त्या क्षणी तोच हवा.

त्याच दिवशी पुढच्या पिचवर हार्नेसची दुसरी बाजूही कळली. तिथे उभं राहायला जागा नव्हती, अँकरवर लटकूनच दादाला बिले द्यायचा होता. त्याला वर चाळीसेक मिनिटं लागली. पंधराव्या मिनिटाला लेग लूप मांड्यांना काचायला लागले, अर्ध्या तासाने डाव्या पायाला मुंग्या आल्या. एक पाय कातळावर टेकव, दुसरा टेकव, कंबर थोडी फिरव, असं करत वेळ काढला. लक्ष दोरावर पाहिजे तेव्हा ते मांडीकडे जात होतं, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. बिले देणाऱ्याचं लक्ष हटणं ही साधी गैरसोय नाही.

खाली उतरल्यावर ठरवलं, नवा हार्नेस घ्यायचा. आणि या वेळी ट्रॅड डोळ्यांसमोर ठेवूनच.

माझी सुरुवात चुकीच्या टोकाने झाली. मी वजनाच्या मागे लागले. तीनशे ग्रॅमच्या आतबाहेरचे पातळ, सुंदर हार्नेस पाहिले आणि वाटलं, पाच किलोंच्या रॅकसोबत निदान हार्नेस तरी हलका असावा. दादाने उलटा हिशेब मांडला: पाच किलो वाहणारच आहेस, तर त्यात शे-दीडशे ग्रॅम वाचवून कंबर आणि मांड्या कशाला दुखवून घेतेस? एखादा कॅम कमी घेतला तरी तेवढं वजन वाचतं. ते पटलं.

मजबुतीचा प्रश्न मात्र मी लवकर बाजूला ठेवला. बैठ्या हार्नेससाठी ईएन १२२७७ हे युरोपीय मानक आहे, त्यात टाइप सी. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं त्याला जुळणारं मानक १०५ क्रमांकाचं. त्यात हार्नेसच्या मुख्य भागांची १५ किलोन्यूटनपर्यंत ओढून चाचणी होते, म्हणजे ढोबळमानाने दीड टन वजन टांगल्यासारखं. लेबलवर हे असेल तर पातळ हार्नेस आणि जाड हार्नेस यांच्यात ताकदीवरून निवड करायची गरज उरत नाही. एक गोष्ट मात्र नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: ही ताकद गिअर लूपला लागू नाही. ते फक्त सामान अडकवायला असतात. बऱ्याच हार्नेसवर त्यांची मर्यादा पाच किंवा दहा किलो अशी लिहिलेली असते. घाईत, थकव्यात स्वतःला अँकरला जोडताना कॅरॅबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) चुकून गिअर लूपला लागू शकतो. म्हणून जोडून झाल्यावर हाताने ओढून आणि डोळ्यांनी बघून खात्री करायची.

दुकानात जाताना मी अख्खा रॅक पिशवीत भरून नेला, शिवाय थंडीत घालते ते जाकीट आणि जाड पँटही. संकोच वाटला होता, पण आज विचारलं तर या सगळ्या प्रकारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच होती असं म्हणेन.

आधी कंबर. बेल्ट नितंबाच्या हाडांच्या वर, खऱ्या कमरेवर बसला पाहिजे. आवळल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून खाली ओढला तरी हाडांवरून उतरता कामा नये. उलटं लटकायची वेळ आली तर तेवढंच काय ते आपल्याला धरून ठेवतं. बकलमधून पट्टा बाहेर आल्यावर निदान चार बोटं शेपूट उरलं पाहिजे. जाड कपड्यांवर माझ्या जुन्या हार्नेसचं तेवढं उरत नव्हतं, हे त्या दिवशी आरशासमोर पहिल्यांदा मोजलं आणि पोटात गोळा आला.

मग लटकणं. दुकानात छताला एक दोर सोडलेला होता, त्याचा उपयोग सहसा कुणी मिनिटभरापलीकडे करत नाही. मी प्रत्येक हार्नेसमध्ये पंधरा मिनिटं लटकले, घड्याळ लावून. उभं राहून सगळेच हार्नेस छान वाटतात. पहिला, अगदी हलका, सात-आठ मिनिटांत कडांनी रुतायला लागला. दुसरा चांगला गुबगुबीत होता, हाताने दाबला तर गादीच. पण लटकल्यावर तो फोम दबून गेला आणि मधला अरुंद पट्टाच अंगाला लागू लागला. तिसऱ्याचं पॅडिंग दिसायला पातळ, पण पट्टा रुंद आणि किंचित ताठ. त्यात भार पूर्ण रुंदीवर पसरत होता. पंधरा मिनिटांनंतरही पाय शाबूत. जाडीपेक्षा भार किती रुंदीवर पसरतो याला महत्त्व आहे, हे हाताने दाबून कळत नाही. शरीर टांगल्यावर कळतं.

लटकलेली असताना आणखी एक गोष्ट तपासली. लेग लूप आणि कमरेचा बेल्ट यांच्यातलं अंतर, ज्याला राइज म्हणतात. ते कमी पडलं तर लेग लूप जांघेत चढतात. जास्त झालं तर भार आल्यावर बेल्ट बरगड्यांकडे सरकतो. बायकांसाठीच्या हार्नेसमध्ये हे अंतर बहुधा जास्त ठेवलेलं असतं. मला तेच बरोबर बसलं, पण माझ्याच उंचीच्या मैत्रिणीला पुरुषांचा हार्नेस जास्त चांगला बसतो, तेव्हा लेबल बघून ठरवू नका.

आता गिअर लूप. दादा सोबत आला होता. तिसरा हार्नेस घालून मी सगळा रॅक नेहमीच्या क्रमाने लावला आणि तो म्हणाला, "डोळे मिट. पिवळा काढ."

हात गेला आणि लागलीच कॅम आला.

"परत लाव. लाल काढ. डाव्या हाताने."

लाल उजवीकडे होता. डावा हात पोटासमोरून आडवा गेला आणि लूपच्या पुढच्या टोकाला पोहोचला, कारण लूप पुढे उतरता होता आणि सामान आपोआप पुढे घसरत होतं. असं वीस-पंचवीस वेळा केलं. काढणं सोपं, खरी परीक्षा परत लावण्यात आहे. मऊ, चपटे लूप सामानाच्या वजनाने बेल्टला चिकटून बसतात आणि एका हाताने कॅरॅबिनर परत अडकवताना त्याचं तोंड शोधत फिरावं लागतं. पुढचे लूप प्लास्टिकचं आवरण असलेले, कमानीसारखे उभे राहणारे असले की कॅरॅबिनर नुसता ढकलला तरी बसतो. मागचे मात्र मला मऊच हवे होते. पाठीवर सॅक घेतली की ताठ लूप तिच्याखाली दबून पाठीत टोचतात, आणि चिमणीत, म्हणजे अख्खं अंग मावेल अशा रुंद भेगेत, पाठ टेकवून चढताना कातळाला अडकतात.

या हार्नेसला कमरेला दोन बकलं होती, दोन्ही बाजूंना एकेक. जाकीट घालून दोन्हीकडून सारखी ढील दिली, जाकीट काढून सारखं आवळलं. दोन्ही वेळा लूप मध्यापासून समान अंतरावर राहिले. एका बकलचे काही हार्नेस पॅडिंग आतल्या आत सरकवता येईल असे शिवलेले असतात, तेही चालतात. पण प्रत्येक वेळी आठवणीने सरकवावं लागतं. लेग लूपलाही बकलं घेतली, कारण माझे हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले कपडे फार वेगळे असतात. ज्यांचं क्लाइंबिंग एकाच हवामानात होतं त्यांना न उघडणारे लेग लूप पुरतात आणि थोडं वजनही वाचतं.

पैसे देण्याआधी लेबलवरची तारीख वाचली. तो नग चार वर्षांपूर्वी बनलेला होता. बहुतेक उत्पादक कापडी सामानाचं जास्तीत जास्त आयुष्य बनल्यापासून दहा वर्षं धरतात, ते वापरलं असो वा नसो. म्हणजे जवळजवळ निम्मं आयुष्य फळीवरच संपलेलं. नवा नग मागवून घेतला, त्यासाठी तीन आठवडे थांबले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे. पुढच्या दोन लूपवर कॅम, लहान पुढे, मोठे मागे, प्रत्येक कॅम त्याच्याच रंगाच्या कॅरॅबिनरवर. नट्स उजवीकडे कॅमच्या पाठीमागे. मागच्या डाव्या लूपवर क्विकड्रॉ आणि स्लिंग्ज, मागच्या उजव्यावर अँकर आणि उतरायचं सामान, जे पिच संपेपर्यंत लागत नाही. भेग एकाच बाजूला असेल आणि अंग आत घालून चढायचं असेल तर निघण्याआधी सगळं बाहेरच्या बाजूला घेते. नवा हार्नेस जुन्यापेक्षा सव्वाशे ग्रॅमने जड आहे आणि उन्हात त्यात घाम जास्त येतो. तेवढं मी मान्य केलंय.

जुन्याचं काय करायचं हा प्रश्न होता. गटात नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, तो मला द्याल का?" देण्याआधी उजेडात नीट तपासला. दोर दोन्ही टाय-इन पॉइंटमधून जातो, आणि त्यातला खालचा, लेग लूपकडचा, घासून केसाळ झाला होता. बोटाने कापड वळवलं तर आतले धागे तुटून वर आलेले. दोन्ही टाय-इन पॉइंट जोडणाऱ्या कापडी कडीच्या, म्हणजे बिले लूपच्या, एका कडेलाही लव सुटली होती. २००६ साली अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये टॉड स्किनर हा अतिशय अनुभवी क्लाइंबर दोरावरून उतरताना पडून मरण पावला, तो झिजलेला बिले लूप तुटल्यामुळे. आपला लूप झिजलाय हे त्याला माहीत होतं, नवा हार्नेस मागवलेलाही होता.

त्या मुलीला मी नाही म्हटलं आणि का ते दाखवलं. तिने स्वतः बोटाने कापड वळवून पाहिलं. मग कात्री आणून बिले लूप आणि कमरेचा बेल्ट आम्ही दोघींनी मिळून कापला, म्हणजे कचऱ्यातून उचलूनही कुणी घालायला नको. पुढच्या आठवड्यात ती तिच्यासाठी हार्नेस बघायला गेली तेव्हा माझा रॅक सोबत घेऊन गेली.