कराचीत वाढलेला ॲडमिरल आणि मिसळीच्या टेबलावरची नेव्ही

4 डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी नेव्ही डेच्या शुभेच्छा आल्या, तिरंगा, सलाम, सगळं होतं, फक्त खाली जो जहाजाचा फोटो होता तो अमेरिकेच्या विमानवाहू नौकेचा होता. मला काय कळतंय, मीपण हात जोडलेला इमोजी टाकून मोकळा झालो. पण आमच्या सोसायटीत एक काका आहेत, नेव्हीतून चीफ पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, मूळचे निफाडकडचे, त्यांनी नुसतं एक वाक्य टाकलं, "ही आपली नाही." आणि मग मला पर्सनलवर, "शनिवारी मिसळ खायला चल, सांगतो."

आता नाशकात कसंय, फौजेचं आपल्याला कौतुक आहे पण ते तोफांचं आणि विमानांचं. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, तिकडे फायरिंग सुरू झालं की आमच्याकडे खिडक्यांची तावदानं थरथरतात. ओझरला विमानं बनवणारी एचएएल, एकेकाळचा मिगचा कारखाना. 71 च्या लढाईत आई शाळेत होती, ती अजून सांगते की संध्याकाळ झाली की खिडक्यांना काळे कागद लावायचे आणि मोठी माणसं म्हणायची ओझर आहे देवळाली आहे, विमान आलं तर इकडेच येणार. नेव्हीचं मात्र नावच नाही कुठे. पाणी म्हणजे आपल्याला गंगा, म्हणजे गोदावरी, तीसुद्धा रामकुंडाची, आणि बोट म्हणजे गंगापूर धरणावरची.

तर शनिवारी जेलरोडच्या टपरीवर बसलो आणि काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नंदा माहितीये का, ॲडमिरल नंदा?" मला माणेकशॉ माहीत, नंदा नाही. काका म्हणाले बघ, हेच.

सरदारीलाल मथरादास नंदा, नेव्हीत सगळे चार्ल्स नंदा म्हणायचे. जन्म 1915 चा, गुजरांवालाचा, पण वाढला कराचीत. कराची बंदराच्या तोंडाशी मनोरा नावाचं बेट आहे (आपला मनोरा नाही, नावच तसं), वडील तिथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला, त्यामुळे पोरगा बंदरातच लहानाचा मोठा झाला, जहाजं कुठून आत येतात, कुठे थांबतात, कुठे काय आहे, हे त्याला आपल्याला भद्रकाली आणि रविवार कारंजाचे बोळ माहीत असतात तसं माहीत. 1941 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या राखीव दलात भरती झाला. मग फाळणी झाली आणि कराचीच परदेश होऊन बसली. हे इतकं सरळ सांगून काका पुढे गेले पण मी तिथेच अडकलो होतो.

पुढचं करिअर काकांनी भराभर उरकलं, 1957 ला मैसूर ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, ब्रिटिशांकडून घेतली तिचा पहिला कॅप्टन हा, 60 च्या दशकात माझगाव डॉक ही मुंबईची जहाजं बांधायची गोदी चालवली, मग नेव्हीची वेस्टर्न कमांड, आणि 1970 च्या मार्चमध्ये नौदलप्रमुख. मैसूरपेक्षा काकांना माझगावचं जास्त कौतुक, कारण युद्धाचं सोड, म्हणाले, पण आपल्याकडे बांधलेली पहिली फ्रिगेट, म्हणजे क्रूझरपेक्षा लहान युद्धनौका, निलगिरी 72 ला नेव्हीत आली ती याच डॉकमधून, आणि तेव्हा नंदाच चीफ होते.

पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. 1965 च्या लढाईत पाकिस्तानी जहाजांनी 7 सप्टेंबरच्या रात्री येऊन द्वारकेवर तोफगोळे टाकले आणि निघून गेली, आणि आपल्या नेव्हीला सरकारचा हुकूम होता की पोरबंदरच्या वर जायचं नाही. नुकसान फार झालं नाही पण नाक कापलं गेलं. काका सर्विसमध्ये आले ते 74 साली, तरी मेसमध्ये जुने लोक द्वारकेचा विषय निघाला की मान खाली घालायचे म्हणे. नंदा चीफ झाले तेव्हा त्यांच्या डोक्यात हे पक्कं होतं की आता लढाई झाली तर आपण किनाऱ्याला बसून राहायचं नाही, कराचीलाच जायचं. त्यासाठी ते थेट इंदिरा गांधींना जाऊन भेटले आणि विचारलं की कराचीवर हल्ला केला तर राजकीय दृष्ट्या काही हरकत आहे का. बाईंचं उत्तर प्रसिद्ध आहे, युद्ध म्हटलं की युद्धच. हे आधी विचारून ठेवणं मला फार हुशारीचं वाटलं, कारण 65 ला अडकले ते इथेच.

आता कराचीला जायचं कशाने. इथे काकांनी टेबल ताब्यात घेतलं. आपल्याकडे रशियाकडून घेतलेल्या आठ मिसाईल बोटी होत्या, साधारण सव्वाशे फुटांच्या, एकेकीवर चार क्षेपणास्त्रं, पळायला एकदम तेज पण इंधन कमी, खरं तर स्वतःच्या बंदराची राखण करायला बनवलेल्या. मुंबईहून कराची साधारण 500 सागरी मैल. जाऊन, लढून, परत यायचं तर तेल पुरणार कसं? काकांनी चहाचा ग्लास पुढे ठेवला, "ही मोठी फ्रिगेट," त्याच्यामागे पाव ठेवला, "ही मिसाईल बोट," आणि चष्म्याची दोरी काढून दोन्हीला गुंडाळली. "ओढत न्यायची. टो करून." म्हणजे बैलगाडीमागे गाडी बांधल्यासारखं. आणि ही आयडिया कुठून आली तर या बोटी रशियाहून आल्या तेव्हा त्या उतरवायला मुंबईत तेवढी ताकदीची क्रेन नव्हती म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून टो करत करत अख्खा हिंदुस्थान फिरून मुंबईला आणल्या. तेव्हाच लोकांना कळलं की अरे, हे जमतं. एक क्रेन नव्हती म्हणून कराची जळली असं मी म्हटलं तर काका हसले, "तसं समज."

4 डिसेंबर 1971, ऑपरेशन ट्रायडंट. निपात, निर्घात, वीर या तीन बोटी आणि सोबत किल्तान, कच्छल ही दोन जहाजं, कमांडर बब्रूभान यादव पुढे. पोरं व्लादिवोस्तोकला ट्रेनिंग घेऊन आलेली त्यामुळे रेडिओवर आपसात रशियन बोलत होती, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. निर्घातनं दोन क्षेपणास्त्रांत त्यांची खैबर ही विनाशिका बुडवली, वीरनं मुहाफिज ही सुरुंग काढणारी बोट, निपातनं दारूगोळा घेऊन चाललेलं व्हीनस चॅलेंजर जहाज, आणि मग निपातनं पुढे जाऊन कराची बंदरातल्या कियामारीच्या तेलाच्या टाक्यांच्या दिशेने क्षेपणास्त्र सोडलं. ही क्षेपणास्त्रं जहाजावर मारायची, जमिनीवर सोडून बघायची हिंमत वेगळीच. टाक्या नक्की कुणी पेटवल्या यावर नेव्ही आणि हवाई दलाचं अजून भांडण आहे, त्यात मी ओझरच्या शेजारी राहून पडत नाही. पण त्या रात्री आपलं एक माणूस गेलं नाही हे नक्की. तिकडे गोंधळ इतका उडाला की 6 तारखेला पाकिस्तानी हवाई दलाने स्वतःच्याच झुल्फिकार फ्रिगेटवर हल्ला केला, भारताची मिसाईल बोट समजून. 8 तारखेच्या रात्री परत ऑपरेशन पायथन, यावेळी मिसाईल बोट एकटी विनाश, सोबत तलवार आणि त्रिशूल या फ्रिगेट, चार क्षेपणास्त्रं, परत टाक्या पेटल्या.

आणि मग काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी म्हणजे 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी ही फ्रिगेट बुडवली. 18 अधिकारी, 176 जवान. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. आम्ही दोन वर्षांपूर्वी दीवला गेलो होतो, समुद्रकिनाऱ्यावर टेकडीवर काचेत खुकरीची छोटी प्रतिकृती आहे, पोरांनी तिथे सेल्फी काढले, मीही काढला. आता त्याची जरा लाज वाटते. नंदांच्या यशाबद्दल लिहिताना लोक हे शेवटी एका ओळीत टाकतात, मीपण तेच करतोय, पण काका त्या एका विषयावर मिसळ थंड होईस्तोवर बसले होते.

नंदांना पुढे पद्मविभूषण मिळालं 1972 मध्ये, परमविशिष्ट आणि अतिविशिष्ट सेवा पदकं होतीच, 73 च्या फेब्रुवारीत रिटायर झाले, 2009 च्या मे महिन्यात 93 व्या वर्षी दिल्लीत गेले. त्यांना लोक कराचीवर बॉम्ब टाकणारा माणूस म्हणून ओळखायचे आणि त्यांनी आत्मचरित्राला नावही तेच दिलं.

मला मात्र सारखं ते मनोरा बेट आठवत होतं. मी विचारलं, "काका, ज्या गावात लहानाचे मोठे झालो त्याच्यावर असं करताना कसं वाटलं असेल हो? म्हणजे उद्या मला कुणी सांगितलं की रामकुंडावर..."

"तू नकाशा बघितलास का?" काका म्हणाले. "तो बघत नव्हता. त्याला बघायची गरज नव्हती." आणि चष्म्याची दोरी सोडून परत गळ्यात अडकवली, बोट होती तो पाव रश्श्यात बुडवून खाऊन टाकला. बिल त्यांनी मला देऊ दिलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर काकांनी एक फोटो टाकला, करड्या रंगाची बारकीशी मिसाईल बोट, खाली लिहिलं, "ही आपली." दोन अंगठे आले. मग कुणीतरी विचारलं, "काका, एवढीशीच?" आणि त्यानंतर वीस मिनिटं वर नुसतं काका टायपिंग, काका टायपिंग दिसत होतं.